मिठाच्या पाण्यातली चांदी

१९ नोव्हेंबर २००२, जामसर

वसू, तुझं पाणी बदलायचं काम काढलं आहे. नवं मीठपाणी कालवून झालं. ते आता कोठीच्या खोलीत तुझ्या बरण्यांशेजारी ठेवलं आहे. जुन्या पाण्याइतकं गार झाल्याशिवाय ते ओतायचं नाही, हे तूच सांगितलेलं. तेवढा वेळ हातात आहे म्हणून लिहिते आहे. एरवी नुसतं बसून राहायला मला जमत नाही, आणि या दिवसांत घरात सगळे माझ्याकडून तेवढंच मागत आहेत.

उद्या सकाळी तुझा दहावा. उद्याच दुपारी तुमच्या संस्थेचं जहाज मुंबईच्या गोदीतून सुटतंय. दोन्हीकडे मी पोचू शकत नाही. तुझा दादा म्हणतो, बरण्यांतली चांदी तुझ्या अस्थींबरोबर दाभोशाच्या नदीत सोडायची. मी म्हणते, ती जहाजावर जाणार, तू ज्यासाठी केलीस त्या कामाला. दोन दिवस घरात एवढा एकच वाद आहे. बाकी कोणाला काही विचारायचं सुचत नाही, चहा करायचा की नाही हेसुद्धा.

सुतकात बरणीला हात लावू नये, ही तुझ्या आईची जुनी शिस्त. लोणचं बिघडतं म्हणे. मी पहिल्याच दिवशी हात लावला. तुझ्या बरण्यांमधलं पाणी खाली उतरलं होतं आणि चांदी उघडी पडायला बोटभर अंतर राहिलं होतं. एकदा ती सुकली की वर्षाची मेहनत गेली, हे मला पाठ आहे. तुझ्या आत्या ओट्यावर बसल्या होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, हिला नणंदेचं सुतक लागत नाही वाटतं. मी म्हटलं, लागतं, पण बरणीला ते कळत नाही. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. घर जरा शांत झालं.

याच आत्या आलेल्या प्रत्येकाला सांगतात की तुला हा कॅन्सर करंटमुळे झाला. मुलीच्या जातीने सारखी वीज हाताळली, पाण्यात वीज सोडली, मग दुसरं काय होणार. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगून पाहिलं. मग सोडून दिलं आणि एवढंच विचारलं, की लग्न झाल्यापासून मी भाताच्या गिरणीच्या मोटारीला टेकून उभी आहे, माझं काय करायचं ठरलंय? तू असतीस तर त्यांना विजेचे धडे द्यायला बसली असतीस. तुझी ती खोड मला कधीच पटली नाही. ज्याला ऐकायचं नाही त्याला तू जास्तच समजावत असायचीस.

आपण जव्हारच्या शाळेत एका बाकावर होतो तेव्हाही तू अशीच होतीस. नंतर तुझ्या दादाशी माझं लग्न झालं आणि सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, नणंदेला वन्सं म्हणायचं, अहोजाहो करायचं. मी चारचौघांत "वन्सं, जेवायला चला" म्हणायचे आणि मोरीत भांडी विसळताना "वसे, तुझं ताट तू उचल" म्हणायचे. तूही बाहेर "वहिनी" आणि आत "मंदे". सासूबाईंना सगळं ऐकू जात होतं. त्यांनी कधी दाखवलं नाही.

तू मुंबईच्या संस्थेत लागलीस तेव्हा तू नेमकं काय करतेस हे गावाला सांगायची वेळ माझ्यावर आली. गिरणीवर बायका भात घेऊन बसलेल्या असतात, त्यांना बोलायला विषय हवाच असतो. मी तुझंच वाक्य सांगितलं, की ती समुद्राच्या पाण्यात करंट सोडते आणि तळाखाली काय आहे ते ओळखते. पुढचं कोणी ऐकलं नाही. आपल्याकडे पाण्यात करंट म्हटला की एकच गोष्ट माहीत. तारेवर आकडा टाकायचा, वायर डोहात सोडायची आणि उलटे तरंगणारे मासे टोपलीत भरायचे. काळूबाई हसत म्हणाली, "एवढं शिकून मासंच मारते काय गं तुझी नणंद? मंग येताना दोन बोंबील तरी आनाय सांग तिला." पुढच्या सुट्टीला तू खरंच सुके बोंबील घेऊन आलीस आणि गिरणीच्या दारात उभं राहून सगळ्यांना वाटलेस. झालं. त्या दिवसापासून तू कायमची मासेवाली.

मी मात्र तुला खरं विचारलं होतं. मला गिरणीची वीज कळते. फेज गेली, पट्टा घसरला, मोटार गरम झाली, हे मी आवाजावरून सांगते. पण खुल्या पाण्यात वीज सोडायची आणि ती वाया जात नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. तेव्हा तू परसात धुण्याचा प्लास्टिकचा टब घेतलास. तळाला नदीची वाळू पसरलीस आणि मला पाठ फिरवायला लावून वाळूत कुठेतरी प्लास्टिकचं ताट उपडं पुरलंस. वरून मिठाचं पाणी. एका बाजूला बॅटरीच्या दोन तारा सोडल्यास आणि मीटरच्या दोन तारा माझ्या हातात दिल्यास. "शोध," म्हणालीस.

मी टबभर तारा फिरवल्या. तू सारखी बॅटरीच्या तारांची अदलाबदल करत होतीस, उलट, सुलट, उलट, सुलट. वीज एकाच दिशेने सोडत राहिलं तर तारेची टोकं खराब होतात, म्हणालीस. बऱ्याच वेळाने एका ठिकाणी मीटरचा आकडा वेगळा आला. मी तिथे हात घातला आणि ताट बाहेर काढलं. तू टाळ्या वाजवल्यास आणि मग समजावलंस. मिठाचं पाणी वीज पटकन गिळतं. ओली वाळूही गिळते. पण तळाखाली तेल नाहीतर वायू धरून बसलेला खडक असला तर तो वीज गिळत नाही, त्यामुळे तिचा प्रभाव त्याच्यातून लांबवर पोचतो आणि दूर ठेवलेल्या यंत्रांना तो जाणवतो. जहाज लांबलचक केबल समुद्राच्या तळाच्या जरा वरून ओढत नेतं, केबलच्या दोन टोकांमधून पाण्यात वीज सोडतं, आणि तळावर बसवलेली यंत्रं हात पसरून ऐकत असतात. एवढंच.

"एवढंच काय," मी म्हटलं होतं, "माझा टब वाळूने भरलास, तो कोण धुणार?"

वसू, वीज सोडायचं यंत्र तुमच्या तुकडीने केलं. तू एकदा त्याच्याबरोबर जहाजावर गेलीस. परत आलीस ती पिवळी पडून, काही खाल्लेलं पोटात राहत नव्हतं. पण बोलणं थांबत नव्हतं. यंत्र पाण्यात उतरवून वीज सोडली की जहाजाचे दिवे मंद व्हायचे, गिरणी सुरू केली की आपल्या घरातले होतात तसे, हे तू जेवताना सांगितलंस आणि तुझा दादा हसला. मग ताट बाजूला सारून म्हणालीस, बोलणारा चांगला निघाला, ऐकणारेच बडबडे निघाले. तळावरच्या यंत्रांच्या हातांना टोकाशी चांदीचे तुकडे असतात, पाण्यातली वीज त्यांनाच जाणवते. ते बाहेरून मागवलेले तुकडे वाटेत सुकले होते. त्यांची आपापसातली कुरबुरच एवढी होती की तुमची वीज त्यात हरवली. सगळा प्रवास फुकट गेला. नवे मागवायचे तर पुन्हा महिनोन्महिने थांबा.

तेव्हापासून तुझं खूळ, की हे तुकडे आपण इथेच करायचे.

पहिले तुकडे तू दिवाळीला घरी आणलेस तो दिवस अजून घरात कोणी विसरलेलं नाही. चांदीच्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात ठेवून तू त्यांतून बॅटरीची वीज सोडली होतीस, त्याने त्यांच्यावर काळपट थर चढला होता. तो थर म्हणजेच सगळं काम. तू त्या वाडग्यात ठेवून अंघोळीला गेलीस. सासूबाई दिवाळीची भांडी घासत होत्या. त्यांना ती काळवंडलेली चांदी दिसली. लेकीला कामापुढे घरची शिस्त राहिली नाही, असं म्हणत त्यांनी चिंच आणि रांगोळी घेऊन एकेक पट्टी अशी घासली की देव्हाऱ्यात ठेवावी. आणि ठेवल्याही. तू ओल्या केसांनी बाहेर आलीस, देव्हाऱ्याकडे पाहिलंस आणि तिथेच खाली बसलीस. मला वाटलं आता घर डोक्यावर घेशील. तू एवढंच विचारलंस, "आई, सगळ्या?" त्या अभिमानाने म्हणाल्या, सगळ्या. दुसऱ्या दिवशी तू फराळाच्या ताटाशेजारी बॅटरी ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस. सासूबाई लांबून पाहत होत्या आणि म्हणत होत्या, चांगली चांदी काळी करायला हिला पगार देतात.

या वर्षी आजार कळल्यावर तू घरी आलीस तेव्हा कपड्यांची पिशवी एक आणि बरण्यांची खोकी दोन. कोठीची खोली तू आधीच ठरवली होतीस. भिंती जाड, दिवसभर गारवा तोच, आणि भारनियमनाच्या वेळी आसपास कुठे वीजच नाही, त्यामुळे मीटरला कसलाही त्रास नाही. वीज गेली म्हणून खूश होणारी गावात तू एकटीच. चांदीचे तुकडे जोडीजोडीने मिठाच्या पाण्यात ठेवायचे, प्रत्येक जोडीच्या तारा एकमेकींना पिळून ठेवायच्या आणि वाट पाहायची. हळूहळू दोघींमधला फरक कमी होत जातो, त्या शांत होतात. मग तारा सोडवून मीटर लावायचा आणि आकडा किती जागचा हलतो ते बघायचं. तू हे मला सांगताना म्हणालीस, नणंद-भावजय एका बरणीत ठेवल्यासारखं आहे. मी म्हटलं, आपण अजून शांत झालेल्या नाही.

झालोच नाही. दुसऱ्या फेरीचं औषध तू नको म्हणालीस त्यावर मी तुझ्याशी जे भांडले त्यातला एकही शब्द मी परत घेत नाही. तू म्हणायचीस, त्या औषधाने हात थरथरतात, आणि तारा जोडायला मला हात हवेत. मी म्हणायचे, हात माझे घे, जीव तुझा ठेव. तू म्हणायचीस, तुला गिरणी आहे. मी म्हणायचे, गिरणीला कुलूप लागतं. शेवटी तुझं खरं केलंस, आणि शेवटी हातही माझेच वापरलेस. अंथरुणावरून आकडे विचारायचीस आणि मी सांगितलेला आकडा आवडला नाही तर "नीट पुसून लाव, मंदे" म्हणायचीस. मला अजून वाटतं की औषध घेतलं असतंस तर आज माझ्याशी भांडायला इथे असतीस. तुला वाटत होतं की फार तर दोन महिने वाढले असते, तेही झोपून. यातलं खरं काय ते आता कळणार नाही. मी हरले असं मात्र मी म्हणणार नाही. हा वाद अर्धाच राहिलाय.

आणखी एक राहिलंच. मी विचारलं होतं, तुमच्या विजेने खालच्या माशांना काय होतं? काळूबाईच्या टोपलीतले मासे माझ्या डोळ्यांसमोर होते. तू नेहमीसारखी धडा द्यायला बसली नाहीस. म्हणालीस, आमच्या विजेने मासे मरत नाहीत, तेवढी ती नसते. पण त्यांना काही जाणवत असेल का, ते पुरतं माहीत नाही. ते कोणीतरी नीट मोजायला हवं. मला ते उत्तर आवडलं होतं. तेव्हा तसं बोलले नाही, कारण तू लगेच फुगली असतीस.

तुझे साहेब, नाईक, यांना मी चौथ्या दिवशी गिरणीतून फोन केला. तुझी बातमी त्यांना कळली होती. ते खूप चांगलं बोलले आणि मग अडखळले. या वेळी जहाजावर पुन्हा बाहेरून मागवलेलेच तुकडे लावायचं ठरलं होतं. तू गेल्यावर तुझे कोण मागणार, असं त्यांना वाटलं. मी सांगितलं, सगळ्या जोड्या शांत आहेत, काल संध्याकाळीच पाहिल्या. ते म्हणाले, कुरिअरने पाठवता येतील का? पाण्याने भरलेली बरणी कुरिअरवाला घेत नाही, हे त्यांना मला सांगायला लागलं. मग म्हणाले, "बाई, जहाज सुटायच्या आत तुम्ही गोदीत आणलेत तर मी माझ्या हाताने लावीन. थांबवता मात्र येणार नाही." मला तेवढं पुरे होतं. कोणी माझ्यासाठी थांबावं अशी माझी कधी अपेक्षा नव्हती.

तुझ्या दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं होतं. तो कोठीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तिचं एवढंच मागे राहिलंय. ते परक्या माणसाच्या हातात द्यायचं? समुद्रात गेलं की परत कोण आणून देणार? नदीत सोडलं तर निदान मला ठाऊक राहील कुठे आहे ते."

वसू, तो तुझा भाऊ आहे. तुझ्या अंगावरची चादर त्याने कोणाला धुऊ दिलेली नाही, सकाळी ऑफिसला जायच्या कपड्यांत तयार होतो आणि जात नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, की हे तिचं सामान नाही, हे तिचं काम आहे. सामान नदीत सोडतात. काम सोडायचं नसतं, पोचवायचं असतं. तो म्हणाला, मग दहाव्याला मी एकटा उभा राहू? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, बायको दहाव्याला नव्हती असं लोक बोलतील. मी म्हटलं, बोलू देत, त्यांना सुतकात दुसरं काही करायला नाही.

तेव्हा आतल्या खोलीतून सासूबाई बोलल्या. तू गेल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, आम्हाला वाटलं त्यांना काही समजत नाही. त्या म्हणाल्या, "मंदा, त्या बोटीवरच्या लोकांना सांग. काळं दिसलं तरी घासू नका म्हणावं."

तुझा दादा दारातून बाजूला झाला.

जुनं पाणी तू कालवलेलं होतं. ते मी फेकणार नाही. मोठ्या बरणीत ओतून दादऱ्याने तोंड बांधून ते तुझ्या दादाच्या अंथरुणाशेजारी ठेवणार आहे. सांगणार काही नाही. त्याला नदीत काही सोडायचंच असेल तर तुझ्या हातचं तेवढं आहे.

पाणी गार झालं, आता उठते. तुकडे दुधाच्या किटलीत घालायचे आहेत, तारा वर, झाकणाला कापड लावून. घाटात जीप उडते तेव्हा पाणी सांडायला नको. नवं पाणी एका कॅनमध्ये वेगळं घेते आहे.

एक सांगून ठेवते. उद्या नदीवर कावळा शिवला नाही तर सगळे तुझी राहिलेली इच्छा कोणती म्हणून शोधत बसतील. आत्या दागिन्यांचं काहीतरी काढतील. कोणी म्हणेल लग्न केलं नाही, तेच राहिलं. तू त्यांच्या नादी लागू नकोस. कावळ्याला ताटकळत ठेवून माझ्याकडून वचनं काढून घ्यायची गरज नाही. तुझी इच्छा काय होती ते मला माहीत आहे, ती मी किटलीत भरून घेऊन निघाले आहे. आणि तू गेलीस म्हणून मी तुझ्याशी गोड बोलायला लागणार नाही. औषध घ्यायला हवं होतंस.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी अंधारातच निघाले. दाभोशाहून येणारी पहिली जीप फाट्यावर मिळाली. ड्रायव्हरने किटली वर कॅरियरवर टाकायला मागितली, मी दिली नाही, मांडीवर घेतली. शेजारच्या बाईने विचारलं, दूध विकाया चालली काय? हो म्हटलं. जव्हारला एसटी धरली. विक्रमगडपर्यंत उभी, पुढे जागा मिळाली. प्रत्येक थांब्यावर झाकण उघडून पाणी बघत होते आणि दोनदा वरून भर घातली. कंडक्टर म्हणाला, बाई, यात जिवंत मासे आहेत की काय. ठाण्याला उतरून टॅक्सी केली.

गोदीच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं तेव्हा मी नाईकसाहेबांचं नाव सांगितलं आणि बाजूला होत नाही म्हणून सांगितलं. ते स्वतः आले. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते तरुण निघाले. त्यांच्या दंडावर काळी फीत होती. मला वर डेकवर नेलं. तिथे ती ऐकणारी यंत्रं रांगेत उभी होती, हात पसरलेली, टोकं रिकामी.

मी आधी सासूबाईंचा निरोप सांगितला. बाकीचे हसले, नाईक हसले नाहीत. किटलीकडे बघत त्यांनी हळू विचारलं, "दहावा कधी आहे तिचा?"

"आत्ता चालू असेल," मी म्हटलं आणि त्यांच्याकडे मीटर मागितला.